पाळकालाही पाळक हवा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांतून आलेली आहेत. प्रश्न थोडे आटोपते केले आहेत आणि नाव कुणाचंच दिलेलं नाही. प्रोटेस्टंट ‘मंडळी’ आणि ‘प्रभुभोजन’ म्हणतात, कॅथलिक ‘धर्मग्राम’ आणि ‘मिस्सा’; पत्र लिहिणाऱ्याच्या तोंडी जो शब्द आहे तोच ठेवला आहे.

प्रश्न : माझे यजमान चौदा वर्षं पाळक आहेत. पाच गावं सांभाळतात. रात्री अकरालाही फोन येतो. कुणाचा अंत्यविधी, कुणाचं भांडण, कुणाचा शाळेचा दाखला. आता बायबल उघडतात ते फक्त रविवारच्या उपदेशासाठी. झोप नाही, घरात चिडचिड. कमिटीला सांगावं तर ‘पाळक कमजोर निघाले’ म्हणतील. कुणाकडे जाऊ? — एक पाळकीणबाई, अहिल्यानगर जिल्हा

ताई, सुरुवात प्रार्थनेपासून करू नका, झोपेपासून करा. बायबलच्या १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो झोपतो, उठवल्यावर निखाऱ्यावरची भाकर खातो, पाणी पितो आणि पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा खाऊनपिऊन झाल्यावरच होरेब डोंगराची वाट सुरू होते, आणि देवाशी बोलणं त्याच्याही नंतर. थकलेल्या सेवकाचा क्रम असाच लावायचा असतो. पुष्कळ मंडळ्या नेमका उलटा लावतात. थकलेल्या पाळकाला ‘उपास-प्रार्थना वाढवा’ असं सांगतात आणि तो आणखी खचतो.

आठवड्यातले सलग चोवीस तास मोकळे हवेत, आणि ते संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत मोजा. रविवारी सहाला सुरू, सोमवारी सहाला संपले. सकाळपासून सकाळपर्यंत मोजलं तर आदली रात्र रविवारच्या धावपळीतच जाते आणि सुट्टीचा निम्मा दिवस अंग सावरण्यात संपतो. तुमच्याकडे सोमवारी आठवड्याचा बाजार भरत असेल तर दुसरा वार धरा. बाजाराला आलेली गावोगावची माणसं पाळकाच्या दारावरूनच जातात.

या चोवीस तासांत फोन घरात ठेवू नका. बंद करून ठेवला तरी हात जातो. तो कमिटीतल्या एका वडिलांकडे (मंडळीतल्या ज्येष्ठ कारभाऱ्याकडे) द्या. त्यांनी पाळकसाहेबांना फक्त तीन कारणांसाठी बोलवायचं: मृत्यू, मरणपंथाला लागलेला आजारी, अपघात. बाकी प्रत्येकाला ‘उद्या सहानंतर साहेब स्वतः फोन करतील’ असं सांगायचं, आणि साहेबांनी तो करायचाच. ही व्यवस्था मोडते ती बहुधा पहिल्याच महिन्यात, आणि मोडतात पाळक स्वतः. एका ओळखीच्या घराचा फोन घेतला की दुसरं घर विचारतं, ‘त्यांचा उचलला, आमचा का नाही?’ म्हणून नियम सगळ्यांना सारखा, कमिटीच्या ठरावाने केलेला आणि नोटिस बोर्डावर लावलेला हवा. ठराव असा चालेल:

‘पाळकसाहेबांची साप्ताहिक विश्रांती रविवार सायंकाळी ६ ते सोमवार सायंकाळी ६ राहील. या काळात मृत्यू, अत्यवस्थ आजार व अपघात सोडून अन्य कामासाठी संपर्क करू नये. महिन्यातून एक दिवस एकांत प्रार्थनेसाठी व वर्षातून सलग पाच दिवस एकांतवासासाठी मोकळे राहतील. प्रवास व निवासाचा खर्च मंडळीच्या निधीतून होईल. त्या रविवारची उपासना ले रीडर घेतील.’

(ले रीडर म्हणजे उपासना घ्यायला नेमलेला मंडळीतला सभासद.) खर्चाचं वाक्य गाळू नका. ते नसलं की एकांतवास कागदावर राहतो, कारण पगारातून त्यासाठी काही उरत नाही. आणि हा ठराव तुम्ही किंवा साहेबांनी मांडू नये. सेक्रेटरींनी नाहीतर एखाद्या वडील माणसाने मांडावा. निर्गम १८ मध्येही मोशेचा थकवा मोशेच्या लक्षात आलेला नव्हता. ‘तू झिजून जाशील’ असं सांगणारा सासरा बाहेरून आला होता, आणि दहा, पन्नास, शंभर, हजार अशा नायकांची वाटणी त्याने सुचवली.

आता बायबलचं. उपदेशासाठी वाचणं आणि स्वतःसाठी वाचणं यांत फरक आहे. उपदेशक वाचताना मनात मुद्दे मांडत असतो आणि समोर माणसं दिसत असतात. त्यामुळे रविवारचा उतारा सकाळच्या वाचनात घ्यायचाच नाही. त्याऐवजी रोज एक स्तोत्र, मोठ्याने, हळू, हातात पेन न घेता. दीडशे स्तोत्रं पाच महिन्यांत होतात. मन कोरडं पडलेलं असेल तर सुरुवात १३व्या स्तोत्रापासून करा. सहाच वचनं आहेत आणि पहिल्या दोनांत ‘कोठवर?’ हा सवाल चार वेळा येतो. इतकं थेट बोलायची परवानगी पाळकालाही आहे, हे पुष्कळ पाळक विसरलेले असतात. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. रात्री ४थं किंवा ९१वं म्हणून दिवा मालवायचा. दोन्ही मिळून वीस मिनिटं होतात, आणि पहिले तीन महिने यापेक्षा जास्त ठरवू नये.

याहून मोठी गरज आहे ती ऐकणाऱ्या माणसाची. हा माणूस आपल्या मंडळीतला नको आणि बदली-बढती ज्याच्या हातात आहे तो वरिष्ठही नको. दुसऱ्या चर्चचे निवृत्त पाळक, एखादे येशूसंघीय फादर, सेमिनरीतले शिक्षक, कुणीही चालतील. महिन्यातून एकदा एक तास, ठरलेली तारीख, ठरलेली जागा. कॅथलिक परंपरेत याला आध्यात्मिक मार्गदर्शन म्हणतात आणि तिथे ही वहिवाट जुनी आहे. प्रोटेस्टंट पाळकाने त्यासाठी फादरांचं दार ठोठावलं तर कुणाच्याही मतप्रणालीला बाधा येत नाही. एकांतवासाचंही तसंच. कॅथलिक धर्मगुरूंना एकांतवास धर्मसंहितेनेच सांगितलेला आहे. त्यासाठीची रिट्रीट हाउसं आधी कळवून आलेल्या इतर चर्चच्या सेवकांनाही बहुधा ठेवून घेतात. पुण्यात शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात तर १९७०च्या दशकात अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनी एका छताखाली राहून प्रार्थना करत होत्या.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, ज्या कामात आनंद होता तेही नकोसं वाटत असेल किंवा ‘मी नसतो तर बरं’ अशी भाषा येत असेल, तर हा आजार आहे आणि त्याला डॉक्टर लागतो. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. मरणाची भाषा निघाली तर त्या रात्री त्यांना एकटं सोडू नका. गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे, हे त्यांना पटेपर्यंत सांगा.

शेवटी तुमच्याबद्दल. स्त्री-मंडळ, शब्बाथ शाळा, पाहुण्यांचा चहा हे सगळं बिनपगारी तुमच्याकडे आलेलं असणार. त्यातलं एक काम या महिन्यात दुसऱ्या बहिणीला द्या. आणि ऐकून घेणारं माणूस तुम्हालाही हवं, यजमानांच्या माणसापेक्षा वेगळं.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षक. पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येतात, बाकीचे रविवार उपासना मी घ्यावी असं कमिटीने ठरवलं आहे. क्रम कसा लावू? काय करायचं नाही? — नेवासे तालुका

काय करायचं नाही ते आधी, कारण चूक तिथेच होते. प्रभुभोजन, पापक्षमेची घोषणा आणि आशीर्वाद ही अभिषिक्त सेवकाची, म्हणजे दीक्षा मिळालेल्या पाळकाची, कामं आहेत. उत्तर भारतीय मंडळीत (सीएनआय) आणि अँग्लिकन वळणाच्या सगळ्याच चर्चमध्ये हा नियम आहे. पण उपासना त्यामुळे लंगडी होत नाही. फक्त सर्वनाम बदलायचं. पाळक म्हणतात, ‘देव तुमच्या पापांची क्षमा करो.’ तुम्ही लोकांबरोबर उभे राहून म्हणायचं, ‘देव आमच्या पापांची क्षमा करो.’ शेवटी हात वर न करता २ करिंथ १३:१४ चं कृपेचं वचन घ्यायचं आणि ‘तुम्हा सर्वांबरोबर’च्या जागी ‘आपणा सर्वांबरोबर’ म्हणायचं. एका शब्दाचा फरक आहे, पण तो म्हातारी माणसं लगेच टिपतात.

सगळी उपासना सव्वा तासात बसवा. गीत आणि बोलावणीचं वचन यांना आठ मिनिटं. पापकबुलीला पाच, त्यातलं एक मिनिट पूर्ण शांतता, आणि ते मिनिट घड्याळात बघूनच मोजा. आपलं आपण मोजलं तर पंधरा सेकंदांतच घाई होते. स्तोत्र आळीपाळीने, जुन्या करारातलं वाचन, गीत, शुभवर्तमान: वीस मिनिटं. उपदेश बारा मिनिटं. विश्वासांगीकार आणि मध्यस्थीची प्रार्थना दहा. अर्पण आणि गीत आठ. सूचना चार, मग कृपेचं वचन आणि शेवटचं गीत. काही मिनिटं इकडेतिकडे होतातच.

उपदेशाची परवानगी तुमच्या नेमणुकीच्या पत्रात लिहिलेली नसेल तर पाळकसाहेबांकडून लिखित उपदेश मागवून वाचा, त्यात कमीपणा नाही. परवानगी असेल तर हाताने लिहिलेली सहा-सात पानं म्हणजे बारा मिनिटं. तयारी शनिवारी रात्री नको. सोमवारी उतारा वाचून सोडून द्यावा, बुधवारी पुन्हा वाचून त्यातला एकच मुद्दा एका वाक्यात लिहावा, शुक्रवारपर्यंत पानं व्हावीत. शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये जाऊन मोठ्याने वाचा आणि एकाला शेवटच्या बाकावर बसवा. त्याला वाक्याचं शेवटचं क्रियापद ऐकू येत नसेल तर तुम्ही आवाज खाली सोडताय. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ते गेलं की वाक्याचा अर्थच जातो. शिक्षकांना हे एकदा सांगितलं की पुरतं.

सर्वांत जास्त वेळ मध्यस्थीच्या प्रार्थनेत जातो. उत्स्फूर्त प्रार्थना करणारा भाऊ प्रार्थनेतच दुसरा उपदेश सुरू करतो, किंवा ‘प्रभू, ज्यांनी वर्गणी दिलेली नाही त्यांना तू बुद्धी दे’ असं देवाला सांगता सांगता शेजाऱ्याला सुनावतो. उपाय सोपा आहे. पाच विषय, पाच वेगवेगळी माणसं, प्रत्येकी तीन वाक्यं, आणि ती कागदावर लिहून. जगभरची मंडळी, देश आणि अधिकारी, आपलं गाव आणि पीकपाणी, आजारी, शोकात असलेली घरं. प्रत्येकानंतर सगळ्यांनी ‘प्रभू, आमची प्रार्थना ऐक’. आजाऱ्याचं नाव घेण्याआधी घरच्यांना विचारा, आणि आजाराचं नाव घेऊच नका.

गाणी गुरुवारपर्यंत पेटीवाल्याला कळवा. चारपैकी तीन सगळ्यांना पाठ असलेली, एकच नवी. नारायण वामन टिळकांची भजनं आपल्याकडे अजूनही पोथी न उघडता गायली जातात. ज्या रविवारी तुमचा उपदेश जमला नसेल, त्या रविवारी ती मंडळीला सांभाळून घेतात.

प्रश्न : वाचनमालेत (कोणत्या रविवारी कोणता उतारा वाचायचा त्या तक्त्यात) अ, ब, क अशी वर्षं असतात. यंदा कोणतं, हे कसं ओळखायचं? — शब्बाथ शाळेच्या शिक्षिका, जालना

सनाच्या आकड्यांची बेरीज करा आणि तिला ३ ने भागा. बाकी १ उरली तर अ (मत्तयाच्या शुभवर्तमानाचं वर्ष), २ उरली तर ब (मार्क), काही उरलं नाही तर क (लूक). २०२६ ची बेरीज १०, बाकी १, म्हणजे अ. पण मंडळीचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी होतं. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो, आणि त्या दिवसापासून पुढच्या सनाचा हिशोब धरायचा. कॅथलिक वाचनमाला आणि अनेक प्रोटेस्टंट चर्चची १९९२ची वाचनमाला एकाच मुळातून आल्या आहेत, त्यामुळे बहुतेक रविवारी शुभवर्तमानाचा उतारा एकच असतो. फादर आणि पाळकसाहेब दोघे ती वापरत असतील तर मंगळवारी तासभर एकत्र बसून उतारा अभ्यासता येईल. उपदेश ज्याचा त्याने आपापला करावा.

प्रश्न : आमच्या गावात सीएनआय, मेथडिस्ट आणि कॅथलिक अशी तीन चर्च आहेत. जानेवारीत एकत्र प्रार्थना करावी असं तरुणांना वाटतं. मागे एकदा केली तेव्हा प्रभुभोजनावरून नाराजी झाली होती. — कमिटी सेक्रेटरी, मराठवाडा

१८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह १९०८ पासून पाळला जातो. १९६८ पासून त्याचं साहित्य व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून काढतात. आठही दिवस करायची गरज नाही. एक संध्याकाळ, एक तास, नीट झालेली, एवढं पुष्कळ आहे.

प्रभुभोजन त्या संध्याकाळी ठेवू नका. कॅथलिक धर्मसंहिता फादरांना दुसऱ्या चर्चच्या सेवकाबरोबर मिळून मिस्सा अर्पण करू देत नाही, आणि इतर चर्चच्या सभासदांना परमप्रसाद (प्रभुभोजन) देण्याचे अपवाद फार मोजके आहेत. फादरांना वेदीसमोर सगळ्यांदेखत नकार द्यायला लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. मागची नाराजी बहुधा अशीच झाली असणार. याचं दुःख वाटतं हे खरं, आणि त्या दुःखासाठी त्याच संध्याकाळी प्रार्थना करावी. पण वचन, गीत, मध्यस्थी आणि शांतता यांवर कुणाचीही आडकाठी नाही.

महिनाभर आधी तिन्हीकडचे दोन-दोन जण बसा. पाळक-फादर सोडून, कारण काम विश्वासणाऱ्यांनी उचललं तरच ते पुढच्या वर्षी टिकतं. जागा दरवर्षी फिरती. ज्यांच्या चर्चमध्ये कार्यक्रम, त्यांनी उपदेश करायचा नाही, पाहुण्याने करायचा, दहा मिनिटं. आसनव्यवस्था मिसळून. नाहीतर तीन मंडळ्या तीन रांगा धरून बसतात आणि तासभर एकमेकांच्या पाठी बघतात.

गाडी अडते ती प्रभूच्या प्रार्थनेत. ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ इथे कॅथलिक लोक थांबतात, आणि प्रोटेस्टंट लोक श्वास न घेता राज्य, सामर्थ्य आणि गौरव यांच्या ओळीवर जातात. अर्धं चर्च गप्प, अर्धं चालू, आणि दोघांनाही आपण परके असल्यासारखं वाटतं. शिवाय दोन्हीकडचे मराठी शब्दही थोडे वेगळे आहेत. एकच पाठ ठरवा, कागदावर छापा, आणि एकाने पुढे उभं राहून ओळ ओळ सांगावी. विश्वासांगीकार घ्यायचा तर प्रेषितांचा घ्या. निकेयाच्या विश्वासांगीकारात पवित्र आत्म्याविषयी ‘पुत्रापासून’ हा शब्द पश्चिमेकडच्या चर्चनी घातला आणि पूर्वेकडच्यांनी घेतला नाही. तुमच्या गावी केरळहून आलेली ऑर्थोडॉक्स कुटुंबं असतील तर त्यांना ते खटकेल.

खूण म्हणून पाणी शिंपडणं टाळावं. बालकाचा बाप्तिस्मा मानणारे आणि न मानणारे यांच्यातली जुनी जखम त्याने उघडते. मेणबत्त्या बऱ्या, एकीवरून दुसरी लावत शेवटच्या बाकापर्यंत. अर्पण घेणार असाल तर ते कुठे जाणार हे आधी ठरवून जाहीर करा. गावातल्या सरकारी दवाखान्याला चादरी घेतल्या तर कुणाच्याच खात्यात गेल्यासारखं होत नाही. आणि सत्कार नको, शाल-श्रीफळ नको, आमदारांचं भाषण नको. ते आले तर बाकावर बसून प्रार्थना करतील. आभारप्रदर्शनही चहाच्या वेळी.

हे अशक्य वाटत असेल त्यांच्यासाठी एक आठवण. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्च एक होऊन उत्तर भारतीय मंडळी झाली. त्यांत बालकांचा बाप्तिस्मा करणारे होते आणि फक्त प्रौढांचा करणारेही, बिशप मानणारे होते आणि न मानणारेही. वाटाघाटींना कित्येक वर्षं लागली. तुमच्या तीन चर्चना एकमेकांच्या बाकांवर बसण्याची सवय व्हायलाही तीन-चार जानेवारी लागतील.

महिलांसाठी मार्चचा पहिला शुक्रवारही आहे, जागतिक प्रार्थना दिन. दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया क्रम लिहितात आणि जगभर तोच वापरला जातो. पुष्कळ गावांत एकत्र येण्याची सुरुवात आधी स्त्रियांनी केली, तुमच्याकडेही बहिणींना आधी विचारून बघा.

प्रश्न : घरोघरच्या प्रार्थनेत मी पुढारी आहे. एका बहिणीने नवऱ्याच्या मारहाणीबद्दल सांगितलं आणि ‘कुणाला सांगू नका’ म्हणाली. दुसऱ्या घरात लहान मुलीबद्दल वेगळीच शंका आहे. गुपित राखू की बोलू? — पिंपरी-चिंचवड

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. मूल अठराच्या आतलं असेल आणि लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं किंवा होण्याची धास्ती असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. पोलिस ठाण्यात जायचं किंवा ११२ वर कळवायचं. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे. कमिटीत आधी चर्चा नको, ‘चर्चचं नाव’ हा विचार नको, संशयिताला समोर बोलावून विचारणं तर मुळीच नको. त्याने पुरावा जातो आणि मुलीवर दबाव येतो. मुलीला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नका. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. पापनिवेदनात धर्मगुरूवर असलेलं गुप्ततेचं बंधन त्या संस्काराचं आहे. प्रार्थनागटाच्या पुढाऱ्याला ते लागू होत नाही, म्हणून ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन आधी देऊच नका. ‘तुला धोका नसेल तोवर माझ्यापाशी राहील’ एवढंच म्हणा.

प्रौढ बहिणीच्या बाबतीत निर्णय तिचा. तुमचं काम तिला वाटा दाखवण्याचं आहे: १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक, २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, रात्री जाता येईल असं एक घर. जिवाला धोका असेल तर ११२. नवराबायकोला एकत्र बसवून समेट घडवू नका. मारहाण होते त्या घरात ती समोरासमोर खरं बोलू शकत नाही आणि घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. ‘क्षमा कर’ हा पहिला सल्ला तर नकोच. आणि पुढच्या बैठकीत नाव न घेता ‘आपल्या एका बहिणीच्या घरासाठी’ अशी प्रार्थनाही करू नका. बारा जणांच्या गटात ती बहीण कोण हे दोन मिनिटांत कळतं.

प्रश्न : आमच्या वाडीत सात-आठ जण आठवड्यातून एकदा पवित्र शास्त्र वाचतो. चर्चा खूप होते, प्रार्थना होत नाही. — एक तरुणी, वसई

चर्चेला जागाच कमी ठेवा. बाराव्या शतकात दुसरा गीगो या कार्थुसियन संन्याशांच्या मठाधिपतीने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्या लिहून ठेवल्या. आपल्याकडच्या श्रवण-मनन-निदिध्यासनाशी त्यांचं नातं मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

पंचेचाळीस मिनिटांचा कार्यक्रम. शुभवर्तमानातली आठ ते बारा वचनं, त्याहून जास्त नाहीत. एकाने हळू वाचावं, मग दोन मिनिटं शांतता. दुसऱ्याने तेच वाचावं. आता प्रत्येकाने मनाला लागलेला एक शब्द किंवा वाक्यांश नुसता उच्चारायचा, का लागला ते सांगायचं नाही. हा नियम सर्वांत अवघड आणि सर्वांत गुणकारी. तिसरं वाचन, पाच मिनिटं शांतता. मग प्रत्येकी एक मिनिट, ‘मला’ या शब्दाने सुरुवात करून. ‘आपण सर्वांनी’ने वाक्य सुरू झालं की प्रवचन सुरू झालं असं समजा. कुणी कुणाला उत्तर द्यायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. मग देवाशी मोठ्याने एक-एक वाक्य आणि शेवटी दहा मिनिटं गप्प. पहिल्या दोन-तीन वेळा दहा मिनिटं जड जातात. कुणीतरी खोकतं, कुणी मोबाइल बघतं. तेव्हा पाचच ठेवा आणि दर आठवड्याला एक मिनिट वाढवा. गाणारं कुणी असेल तर त्यातलंच एक वचन ध्रुवपदासारखं पाच-सहा वेळा हलक्या आवाजात म्हणावं, मन जागेवर यायला त्याचा उपयोग होतो.

उताऱ्याच्या अर्थाबद्दल खरेच प्रश्न असतील तर ते वहीत लिहा आणि महिन्यातून एकदा फादरांना बोलवून विचारा. वाचन चालू असताना नको.

प्रश्न : नवे पाळक येऊन आठ महिने झाले, पण लोक लग्नाला आणि मातीला जुन्याच साहेबांना बोलावतात. ते येतातही. नव्यांचं मन मोडतं. — मंडळीचे एक वडील, सोलापूर जिल्हा

हे जुन्या साहेबांनीच थांबवायला हवं, मंडळीला ते जमणार नाही. त्यांनी पहिलं वर्षभर एकही विधी न घेणं आणि बोलावणाऱ्याला ‘आधी तुमच्या पाळकांना विचारा, ते मला बोलावतील’ असं सांगणं, एवढ्याने नव्वद टक्के प्रश्न मिटतो. तुम्ही वडील मंडळींनी जाऊन त्यांना प्रेमाने सांगा, पत्र पाठवू नका. मातीला ते आलेच तर घरच्यांबरोबर बाकावर बसतील. वर्ष झाल्यावर नव्यांच्या निमंत्रणाने येऊन एखादा शास्त्रपाठ वाचायला काहीच हरकत नाही.

पुढच्या बदलीच्या वेळी दोन्ही पाळकांना दोन दिवस एकत्र द्या. बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या दोघांच्या सह्यांनी हाती द्याव्यात. मग दोघांनी मिळून अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन यावं. जुन्यांनी ओळख करून द्यायची आणि प्रार्थना नव्यांनी करायची.